सरांना शंका विचारण्याची शास्त्रोक्त पद्धत

रविवारी पहाटे टेकडीवर पक्षी बघायला जाणाऱ्या प्रत्येक मंडळात एक 'सर' असतात. ते कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. बहुधा बँकेतून निवृत्त झालेले असतात. त्यांच्याशी मतभेद कसा करावा, याचे नियम नवोदितांच्या सोयीसाठी देत आहे.

नियम पहिला: मतभेद करू नये.

नियम दुसरा: पहिला नियम पाळणं अशक्य झाल्यास 'सर, हा शिक्रा नाही' असं म्हणू नये. 'सर, शिक्रा कशावरून ओळखायचा?' असं विचारावं. सर खुलतात. चोच आकड्यासारखी वाकलेली, पाय पिवळे आणि लांब, नख्या दणकट, अशा खुणा सांगता सांगता त्यांची दुर्बीण पुन्हा फांदीकडे वळते. तिथे डोळ्याभोवती पिवळं कडं असलेला, साध्या चोचीचा पावशा बसलेला असतो. राखाडी पाठ, शेपटीवरचे पट्टे, उडण्याची ढब, सगळं शिक्र्याचं. त्याला पाहून छोटे पक्षीही शिक्रा समजून कलकलाट करतात, मग बँकेतल्या माणसाचं काय घेऊन बसलात! अशा वेळी आपण दुसरीकडे बघावं. 'पावशा' हा शब्द सरांच्याच तोंडून यायला हवा. यायला वेळ लागतो. एकदा खुद्द पावशानंच 'पेरते व्हा' असं ओरडून ओळख दिली, तर सर म्हणाले, आवाज मागच्या झाडावरून आला.

नियम तिसरा: मोबाइलमधला फोटो नाकासमोर धरू नये. उन्हानं फोटोतला रंग बदलतो, हे सरांचं म्हणणं दुर्दैवानं खरं आहे. आधी चोच पाहावी, मग पाय, मग बसण्याची ढब. रंग सगळ्यात शेवटी.

नियम चौथा: चारचौघांत पुस्तक उघडू नये. सरांच्या प्रतीवर सलीम अलींची सही कशी मिळाली, ते पुन्हा ऐकावं लागतं.

वटवट्यांबाबत कुणी काहीही म्हटलं तरी मान डोलवावी.

आता एवढा खटाटोप कशाला, असं वाटत असेल तर वनपिंगळ्याची गोष्ट ऐका. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे ब्रिटिश पक्षीतज्ज्ञांतलं बडं प्रस्थ. १९१४ साली गुजरातेत मांडवीला आपण वनपिंगळा मिळवला, अशी त्यांची नोंद. कर्नलसाहेबांना कोण विचारणार? प्रत्यक्षात तो नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला होता. साहेबांनी तो संग्रहालयातून लांबवला, नव्यानं भरला आणि त्याला खोटी चिठ्ठी लावली. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना वनपिंगळा शहाद्याजवळ जिवंत दिसला. १८८४ नंतरची ती पहिली खरी नोंद.

आमचे सर लबाड नाहीत, उतावळे आहेत. नव्या पोराला खंड्या नीट दिसावा म्हणून स्वतःची महागडी दुर्बीण त्याच्या गळ्यात अडकवून बाजूला उभे राहणारा दुसरा माणूस आमच्यात नाही. खाली उतरल्यावर सगळ्यांच्या चहाचे पैसेही तेच देतात. म्हणून शंका चहानंतर विचारा, पण विचारा. आणि घरी निघण्याआधी मंडळाच्या वहीत 'शिक्रा' खोडून 'पावशा' लिहिलंय ना, तेवढं बघून घ्या.