बेचाळीस तास आणि देणगीदार

पोलादपूरच्या पुढे एका वाडीत सत्यनारायणाच्या पूजेच्या रात्री शेक्सपिअर उतरला. रोमिओ-जुलिएट गावाला मुळीच परके वाटले नाहीत. दोन घराणी, पिढीजात वैर आणि कारण कोणालाच आठवत नाही. म्हणजे भावकीच!

तालमी चाकरमान्यांनी परळच्या चाळीत उरकलेल्या. नायिका ‘नाइट’वर आणलेली, तीही थेट प्रयोगाला. त्यामुळे नायक-नायिकेची पहिली भेट नाटकात आणि प्रत्यक्षात एकाच क्षणी घडली. प्रथमदर्शनाचा इतका अस्सल अभिनय शिवाजी मंदिरातही पाहायला मिळत नाही.

मूळ नाटकात जुलिएट औषध घेऊन बेचाळीस तास निपचित पडते. मंडळाने हा वेळ सत्कारणी लावला. माइकवर देणगीदारांची यादी सुरू झाली, ‘एकशे एक रुपये, रोख’ वगैरे. यादीच्या तिसऱ्या पानावर प्रेताने डास मारला. रात्रीतली सर्वांत मोठी टाळी तीच.

इटलीत निरोप्या साथीमुळे कोंडला जातो आणि रोमिओला चिठ्ठी मिळत नाही. इथे दिग्दर्शकाने निरोप्याला आंबेनळी घाटात दरडीपाशी अडकवला. हा बदल मात्र शेक्सपिअरनेही मान्य केला असता.
“अरे, मग वरंध्यानं ये ना!” मागून कोणीतरी ओरडलं.
“तो पण बंद हाय!” दुसऱ्याने माहिती पुरवली.

विष, खंजीर, दोन मुडदे, सगळं प्रेक्षकांनी मुकाट्याने गिळलं. शेवटी दोन्ही घराण्यांचे म्हातारे गळ्यात गळे घालून रडू लागले, तेव्हा मात्र मांडवात चुळबुळ झाली. जमिनीची मोजणी न होता समेट? छे, भलतंच!