वारगणनेत घोळ घालण्याची शास्त्रोक्त रीत

संगणकाकडून तारखा-वारांचा हिशेब करवून घेण्याच्या व्यवसायात जो नव्याने रुजू झाला आहे, आणि आपल्या हातून होणारा घोळ आकस्मिक न राहता पद्धतशीर, दीर्घायुषी व सहसा पकडीत न येणारा व्हावा अशी ज्याची मनीषा आहे, त्याच्या सोयीसाठी पुढील चार गोष्टी लिहून ठेवीत आहोत. घोळ कोणीही घालू शकतो; परंतु तो सहा दिवस सुरळीत चालून सातव्या दिवशी उघडकीस यावा, यास अभ्यास लागतो.

प्रथम तत्त्व असे की, वाराचे नाव कोठेही लिहू नये, अंक लिहावा. नाव लिहिले की वाद मिटतो, आणि अंक लिहिला की तो कोणाच्या अंमलातला, हा प्रश्न उभा राहतो. सी भाषेच्या दफ्तरी रविवार ० व शनिवार ६ अशी जुनी नोंद आहे, आणि जावास्क्रिप्टने १९९५ साली तेच वळण उचलले. पायथनने 'वीकडे' या फंक्शनात शून्याचा मान सोमवारास दिला आणि त्याच घरात 'आयएसओवीकडे' नावाची दुसरी चूल मांडून तेथे सोमवार १ व रविवार ७ ठरविला. जावाने तर तीन राजवटी पाहिल्या: जुन्या 'डेट'मध्ये रविवार ०, त्यानंतरच्या 'कॅलेंडर'मध्ये रविवार १, आणि २०१४ साली आठव्या आवृत्तीबरोबर आलेल्या नव्या व्यवस्थेत सोमवार १. मायएसक्यूएलची दोन फंक्शने एकाच छताखाली राहून रविवारास अनुक्रमे १ आणि ६ म्हणतात. सोमवार १ ते रविवार ७ असे आयएसओ ८६०१ या प्रमाणाचे फर्मान १९८८ सालीच सुटले होते; त्याने जुनी वतने खालसा न होता आणखी एकाची भर पडली.

आता जोडी कशी निवडावी, हे पाहू. सोमवार-शून्यवाल्यांची गाठ रविवार-शून्यवाल्यांशी घालणे हे कच्च्या हाताचे काम होय, कारण तेथे रोजच फरक पडतो आणि पहिल्याच तासाला चौकशी सुरू होते. जाणकार मनुष्य सीच्या अंकांची सांगड आयएसओच्या अंकांशी घालतो. सोमवार दोन्हीकडे १, बुधवार दोन्हीकडे ३, शनिवार दोन्हीकडे ६; मतभेद काय तो एका रविवाराचा, तेथे एक ० म्हणतो आणि दुसरा ७. चाचणी कचेरीच्या वेळातच उरकावी, म्हणजे ती निर्विघ्न पार पडते. रविवारी कचेरी बंद असते, ही तर दैवाचीच अनुकूलता.

शून्याच्या अंगी आणखी एक गुण आहे, त्याचाही लाभ घ्यावा. 'वार दिलेला असेल तर पुढे जा' अशी अट बहुतेक जण लिहितात; आणि जावास्क्रिप्ट व पायथन या दोन्ही भाषा शून्यास असत्य मानीत असल्यामुळे पहिलीत रविवार आणि दुसरीत सोमवार अस्तित्वातच नाही असा निवाडा होतो. सोमवार असत्य असावा अशी इच्छा पुष्कळांच्या मनात असते. ती येथे विनासायास पुरी होते.

रविवार-शून्याचे सोमवार-शून्यात रूपांतर करताना सहा मिळवून साताने भागावे व बाकी घ्यावी, असे समंजस लोक सांगतात. तुम्ही सरळ एक वजा करून साताने भागावे. रविवारी शून्यातून एक जाऊन उणे एक उरतो. पायथन त्याची बाकी ६ काढून डाव बिघडवतो, परंतु सी, जावा आणि जावास्क्रिप्ट उणे एकच परत हाती देतात. वारांच्या यादीतून उणे एकाव्या स्थानावरचे नाव मागितले असता जावा तेथल्या तेथे काम थांबविते, आणि जावास्क्रिप्ट मात्र ग्राहकाच्या पावतीवर वाराच्या जागी 'अनडिफाइन्ड' असे छापून मोकळे होते.

नेमल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत तर पर्वणीच आहे. क्रॉनमध्ये '१-५' म्हणजे सोमवार ते शुक्रवार. वाराचा तोच रकाना क्वार्ट्झमध्ये जसाच्या तसा उतरवला की, तेथे रविवार १ असल्याने, काम रविवार ते गुरुवार चालते आणि शुक्रवारी विश्रांती घेते. दोन्हीकडे वारांचे इंग्रजी संक्षेप चालतात. ते कटाक्षाने टाळावेत. त्याहून सूक्ष्म खेळ एसक्यूएल सर्व्हरमध्ये करता येतो: तेथे आठवड्याचा पहिला दिवस वापरकर्त्याच्या भाषेवरून ठरतो, त्यामुळे अमेरिकी इंग्रजीवाल्याचा रविवार १ आणि ब्रिटिश इंग्रजीवाल्याचा ७ होऊन एकच प्रश्न विचारणारे दोघे दोन उत्तरे घेऊन परततात, आणि दोघेही शपथेवर खरे बोलतात.

ही अडचण आमच्या पूर्वसूरींपुढेही होतीच. कलियुगाचा आरंभ शुक्रवारी मानल्यामुळे कलि-अहर्गणास, म्हणजे त्या आरंभापासून लोटलेल्या दिवसांच्या संख्येस, साताने भागून उरलेली बाकी शुक्रवारापासून मोजावी लागते, आणि युनिक्सची कालगणना १ जानेवारी १९७० या गुरुवारी सुरू झाल्याने तिच्या दिवसांची बाकी गुरुवारापासून. परंतु गणना कोणत्या वारापासून करावी, हे ज्योतिषी सांगून ठेवीत. त्यांची ही सचोटी प्रस्तुत कामी अनुकरणीय नाही.

इतकी दक्षता घेऊनही एखादे वेळी बिंग फुटलेच, तर मुळास हात घालू नये. जेथे अंक चुकलेला दिसतो तेथेच त्यात एक मिळवावा आणि का मिळवला याचा खुलासा करू नये. पुढे दुसरा कोणी त्याच वाटेवर अन्यत्र एक वजा करतो, आणि हे दोघे परस्परांस सांभाळून वर्षानुवर्षे नांदतात. कालांतराने एखादा सद्हेतू तरुण त्यांतला एक निरुपयोगी समजून काढून टाकील. त्या सुमारास आपली बदली दुसऱ्या प्रकल्पावर झालेली असावी, एवढी तजवीज मात्र आधीच करून ठेवावी.