शौकिनाची कोरडी रात्र

खेळ मैदानात संपतो. शौकिनाचा खेळ त्यानंतर सुरू होतो. जत्रेतल्या फडात त्याचे काम ठरलेले असते: हलगीच्या तालावर मान डोलवणे, नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत बसल्या जागेवरून डाव सांगणे आणि कुस्ती बरोबरीत सुटली की पंचांचा उद्धार करणे. क्रिकेटचा सामना झाल्यावर रात्री ‘बसून’ निकालाची फेरसुनावणी होते. संघ जिंकला तर आनंदापोटी, हरला तर दुःखापोटी आणि पावसाने सामना वाया गेला तर हवामानाच्या निषेधार्थ.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात मात्र या प्रथेत खंड पडला. 1989 मध्ये सरपंच झालेले पोपटराव पवार स्वतः क्रिकेट खेळणारे. पण त्यांच्याच पुढाकाराने गावातले 22 दारूचे गुत्ते बंद झाले. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीच्या जोडीला नशाबंदीही आली. पावसाच्या पाण्याचा ताळेबंद मांडणाऱ्या या गावात पेल्यांचा हिशोब आपोआप मिटला. आता फेरसुनावणी चहावर उरकते. गैरसोय एवढीच, की दुसऱ्या दिवशी सकाळी आपण काय भाकीत केले होते, ते सगळ्यांना आठवते.