कोरडी गंगा

पन्हाळ्यावर गंगा आहे. जमुना आणि सरस्वतीही आहेत. तिन्ही दगडी आणि तिन्ही ठणठणीत कोरड्या. अंबरखान्यातल्या धान्याच्या कोठ्यांची ही नावं. पाहुण्यांना घेऊन इथं इतक्यांदा आलोय, की कुठल्या दारात कोण डोकं आपटणार हेही मला आधी कळतं. 1660 साली सिद्दी जौहरचा वेढा पडला आणि महाराज गडावर चार महिने अडकले. तेव्हा शिबंदीनं तोंड पाहिलं असणार ते असल्या कोठ्यांचंच. धान्याच्या कोठीला गंगा म्हणणारा कोण होता, देव जाणे. पण उपाशी राहून पुण्य मिळवायच्या मताचा तो नसावा.

मला हे आठवलं ते भाच्यामुळं. तो जर्मनीत असतो. गेल्या गणपतीत त्याचा व्हिडिओ कॉल आला.

"मामा, नदीत सोडू देत न्हाईत इथं. बाल्कनीत बादलीत केलं तर चालंल का?"

"बादली नवी हाय न्हवं, तेवढं इचारा," हिनं स्वयंपाकघरातून शास्त्रार्थ केला.

मी चेहरा गंभीर केला. खरं तर तासाभरापूर्वीच मी आमचा गणपती काहिलीत सोडून आलो होतो. पंचगंगेला त्रास नको म्हणून आता कोल्हापुरात विसर्जनाला काहिली ठेवतात. काहील म्हणजे गुऱ्हाळावरची, उसाचा रस आटवायची. मोदक खाणाऱ्याला गुळाच्या भांड्यातून निरोप, यात त्याची काही तक्रार असेल असं वाटत नाही. पण ज्याचा बाप्पा काहिलीत गेला, त्यानं बादलीला कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं? म्हटलं, "चालतंय की. पाणी ओतताना सात नद्यांची नावं घे म्हणजे झालं." आमच्या नळाला तरी एरवी कुठं सात नद्या येतात!

परदेशातला आपला धर्म म्हणजे नक्कल, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. चुकलंच. पन्हाळ्याच्या वाटेपासून थोडं आत प्रयाग चिखली आहे. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी तिथं एकमेकींना भेटतात आणि पाचवी सरस्वती गुप्त आहे असं सांगून आपण पंचगंगेचा हिशेब जुळवतो. कोल्हापूर म्हणजे दक्षिण काशी, हे तर शाळेतलं पोरही सांगेल. म्हणजे नक्कल करायला आम्ही बोटीत बसायचीसुद्धा वाट पाहिली नाही.

बोटीत बसले ते मॉरिशसला उतरले. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गेलेली आपली माणसं तिथं उसाच्याच मळ्यात राबली. तिथल्या एका विवरातल्या तळ्याचा लोकांनी गंगा तलाव केला आणि 1972 मध्ये त्यात खऱ्या गंगेचं पाणी आणून ओतलं. महाशिवरात्रीला माणसं तिथवर पायी जातात. मराठी घरांनी गणपती जपला आणि झाकरीही. कोकणातली जाखडी ती हीच. गंमत म्हणजे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी तिथं चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला असते. बसवायचा तेव्हा रजा तुमची, बुडवायचा तेव्हा सुट्टी सरकारची.

यंदा भाचा इटली फिरायला गेला आणि फ्लॉरेन्सहून फोटो धाडला. "वळखा." दगडी छत्रीखाली तरणाबांड माणूस, डोक्याला मंदील. कोल्हापूरचे राजाराम महाराज! शाहू महाराजांचे चिरंजीव नव्हेत, त्यांच्याही आधीचे. 1870 साली समुद्र ओलांडून विलायत बघायला गेले, रोजनिशी लिहिली आणि परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं 20. बरोबरच्या माणसांनी दहनाचा आग्रह धरला. त्या शहराला चितेची सवय नव्हती, तरी परवानगी मिळाली. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्या जिथं मिळतात तिथं चिता रचली. घरापासून इतक्या लांब, परक्या मुलखात, त्या माणसांनी संगम तेवढा हुडकून काढला.

मला राहून राहून त्यांचंच नवल वाटतं. पंचांग, भटजी, शास्त्र यांचं काय जमलं असेल ते असेल. पण दोन नद्या कुठं मिळतात हे कुणाला तरी विचारावंच लागलं असणार, आणि तेही इटालियनला.

पुढं 1874 मध्ये तिथं स्मारक झालं. छत्री चार्ल्स मँटनं आखली. आपला न्यू पॅलेसही त्यानंच बांधला. 1978 मध्ये शेजारी मोठा पूल झाला, त्याला लोक अजून 'इंडियानो'चा पूल म्हणतात. आणि चिता जिथं पेटली त्या बागेचं नाव भाच्यानं सांगितलं तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं. काशिने.

तर पन्हाळ्याला याल तेव्हा प्रयाग चिखलीला जरूर थांबा. अंबरखान्यातली गंगाही बघा. फक्त टॉवेल आणू नका, आत पाणी नाही.