लेनवाले भाऊ

नागपुरात कुणाच्या सर्व्हरच्या डिस्क दिसेनाशा झाल्या, की दोन फोन होतात. पहिला सामान विकणाऱ्याला. तो उचलत नाही. दुसरा लेनवाल्या भाऊंना. ते पहिल्याच रिंगला उचलतात आणि हॅलोच्या आधी विचारतात, ‘‘स्लॉट कोणता?’’

असे भाऊ धरमपेठेत आहेत, मानेवाड्यात आहेत, इतवारीतही आहेत. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी पेन्शनवाली, जीव मात्र मोडीत निघालेल्या सर्व्हरच्या सामानात. शर्टाच्या खिशात पेनाजागी बारका पेचकस. पाकिटात बायकोच्या फोटोमागे कार्डाची आखूड पट्टी, कारण बुटक्या कॅबिनेटमध्ये उंच पट्टीचं कार्ड बसत नाही आणि ऐनवेळी ती पट्टी कुणाकडेच नसते. डिस्क जोडायच्या एलएसआयच्या 9211-8आय या कार्डाचं नाव ते घराण्यातल्या थोर माणसासारखं घेतात. ‘‘आयबीएमचं एम1015 पाह्यलं का? आतून तेच आहे. फर्मवेअर बदललं की झालं,’’ हे ते लग्नाच्या रिसेप्शनला, हातात आइस्क्रीम असताना सांगतात.

जगाशी त्यांचं भांडण एकच. लोक खाचेची लांबी पाहतात, मागच्या तारा कुणी पाहत नाही. मदरबोर्डावर सोळा लेनची, म्हणजे डेटाच्या सोळा वाटांची, लांबलचक खाच असते, पण आत जोडलेल्या लेन कधीकधी चारच. आठ लेनचं कार्ड तिच्यात झोकात बसतं आणि मुकाट्यानं चारवर चालतं.

‘‘पंगतीले सोळा पाट मांडले आणि वाढपी चारच ठेवले,’’ भाऊ म्हणतात. ‘‘बसता येते ना जी. जेवण कधी येते ते पाहा.’’

आठ साध्या फिरत्या डिस्कना त्या चार लेनही बहुतेक वेळा पुरतात, हे भाऊंना चांगलं ठाऊक असतं. पण पुरतं म्हणून गप्प बसणारा माणूस नागपुरात लेनवाला होत नाही.

त्यांचा खरा राग नावं ठेवणाऱ्यांवर. पीसीआय-एक्स हा जुना, 64 बिटांचा, लांब स्लॉट. पीसीआय एक्स्प्रेस 2004 पासून मदरबोर्डांवर दिसू लागला आणि त्याचा जुन्याशी मेळ नाही. नावं मात्र जुळ्या भावांची. एखादा भाचा ऑनलाइन मिळालेलं पीसीआय-एक्सचं कार्ड नाचवत येतो.

‘‘मामा, पाचशेत भेटलं!’’

‘‘पाचशेत काहून भेटलं, हे इचारलं का बे तू?’’

मात्र भाऊंचं कसब पाहायचं असेल तर ते एखाद्या सीएच्या ऑफिसात. तिथं सर्व्हरमधून काढलेलं डिस्कचं रेड (RAID) कार्ड साध्या डेस्कटॉपच्या बोर्डात खोचलेलं असतं. कार्ड नीट बसलेलं, पंखे फिरताहेत, पण पडदा काळा. सगळे पॉवर सप्लायला शिव्या देतात. भाऊ कार्ड उपटतात, सोनेरी दात्यांवरून शाळकरी खोडरबर फिरवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि चिपच्या बाजूनं दाते मोजतात. पाचवा आणि सहावा. बी-5, बी-6. या दोन दात्यांवरून कार्ड आणि बोर्ड आपसांत कुजबुजतात, आणि काही बोर्डांना सर्व्हरच्या कार्डाची कुजबुज सोसत नाही. भाऊ नखाएवढी टेप कापून बरोबर त्या दोघांच्या तोंडावर चिकटवतात. कार्ड आत, बटण, आणि पडद्यावर अक्षरं. सीएसाहेब बिल विचारतात. भाऊ टेपचं रीळ खिशात टाकत म्हणतात, ‘‘चहा सांगा.’’

उन्हाळ्यात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. ही कार्डं जन्मली सर्व्हरच्या सोसाट्याच्या पंख्यांपुढे. साध्या कॅबिनेटमध्ये ती तशीही तापतात, त्यात नवतपा. भाऊ हीटसिंकवर बारका पंखा बांधून देतात. कुणी शहाण्यानं कूलरच सर्व्हरकडे वळवलेला दिसला, तर मात्र आवाज चढतो, ‘‘ओली हवा हाये ते! सर्व्हर आहे की वाळ्याची ताटी?’’

मागच्या सीझनला लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एका पोरानं जुना सर्व्हर घेतला. दोन प्रोसेसरचा बोर्ड, पण पैसे वाचवायला प्रोसेसर एकच. अशा बोर्डात निम्मे स्लॉट दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेले असतात. तो नसला की ते नुसते शोभेचे. भाऊंनी मॅन्युअलमधला नकाशा काढून रात्रभर खल केला आणि पहिल्या प्रोसेसरच्या अखेरच्या मोकळ्या स्लॉटात, पूर्ण आठ लेनवर, कार्ड बसवलं. लेनमागे सेकंदाला 500 एमबी, म्हणजे एकूण 4,000. भाऊंच्या चेहऱ्यावर नातू झाल्याचं तेज.

पोरानं फाइल कॉपीला लावली. आकडा 110 वर जाऊन थांबला.

‘‘भाऊ, हे तर जुन्याएवढंच आहे.’’

‘‘नेटवर्क एक गिगाबिटचं हाये ना तुझं. त्याच्यातून इतकंच निघते. दहा गिगाबिटचं कार्ड टाकू.’’

‘‘टाका ना मग.’’

भाऊ बराच वेळ बोर्डाकडे पाहत राहिले. चार स्लॉट रिकामे होते, चारही दुसऱ्या प्रोसेसरचे.

‘‘एक प्रोसेसर घेऊन टाक,’’ ते म्हणाले. ‘‘बर्डीवर भेटते. मी येतो संग.’’