शोधा आणि बदला

आमचं दुकान नगरमध्ये, कॉलेजच्या गेटासमोर. झेरॉक्स, टायपिंग, स्पायरल आणि काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांत बाइंडिंग. मशीन आणि बाइंडिंग मी बघतो, की-बोर्डवर आमची सौ. बसते. पण लोक "काकांकडून टाइप करून घेतलं" असंच म्हणतात, आणि मीही कधी कुणाला दुरुस्त केलेलं नाही.

मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रं यांचा आवाका केवढा, हे प्राध्यापकाला विचारू नका. तो आपल्या विषयापुरतंच सांगेल. बाइंडिंगवाल्याला विचारा. जिल्हा आमचा राज्यात सगळ्यात ऐसपैस. चौदा तालुके आणि सतरा हजार चौरस किलोमीटरांच्या वर पसारा, तेव्हा विषयाला तोटा नाही. वाटणीही ठरलेली आहे. अकोले तालुक्यातले महादेव कोळी आणि ठाकर समाजशास्त्राला. प्रवरानगरचा साखर कारखाना अर्थशास्त्राला, चांदबिबी इतिहासाला, आठवडे बाजार भूगोलाला. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मराठीला आणि जिल्हा परिषदेच्या महिला सदस्या राज्यशास्त्राला. स्पर्धा परीक्षावाल्या पोरांचा ताणतणाव मानसशास्त्राच्या वाट्याला जातो आणि त्याचा नमुना गोळा करायला आमच्या शेजारच्या चहाच्या टपरीपुढं जावं लागत नाही.

विषय कुठलाही असो, शीर्षकाचं शेपूट एकच. नुसतं 'एक अभ्यास' असलं तर समजायचं एम.ए.चा प्रकल्प, चार दिवसांत उरकणार. 'एक चिकित्सक अभ्यास' म्हणजे पीएच.डी. आणि 'समग्र अभ्यास' दिसला की मी ॲडव्हान्स घेतो. तो माणूस परत येईलच याची खात्री नसते.

ज्यांच्याबद्दल सांगायचंय, ते सर दहा वर्षं येतायत. वय पस्तिशी पार. तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवतात. सकाळी एका तालुक्यात, दुपारी दुसऱ्या. मोटारसायकलवर सॅक पोटाशी बांधलेली, कारण पाठीवर घेतली तर सिनॉप्सिस चुरगळतो. शीर्षकात कंसात 'विशेष संदर्भ: अहमदनगर जिल्हा' घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून टपरीवरच्या पोरानं त्यांचं नावच 'विशेष संदर्भ' पाडलंय. "काका, तीन चहा. एक विशेष संदर्भाला, बिनसाखरेचा."

सर सुरुवातीला इतिहासात होते. शहराजवळच्या डोंगरावर सलाबतखानाची तीन मजली अष्टकोनी कबर आहे. नगरकर पिढ्यान्‌पिढ्या तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. सरांनी यावर प्रश्नावली काढली. वास्तू कोणाची, खालीलपैकी योग्य पर्यायावर खूण करा. बहुसंख्य उत्तरदात्यांनी चांदबिबीवर खूण केली आणि चौथ्या प्रकरणात सलाबतखान स्वतःच्या कबरीतून बहुमतानं बाहेर पडला. गाईडनी कागद परत केले. तेव्हा सर म्हणाले, "काका, इतिहासात आकडेवारीला वाव नाही." आणि समाजशास्त्रात गेले.

तिथं त्यांनी आदर्श गावं घेतली. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार या गावांनी पाणी अडवून जिरवलं, हे जगाला माहीत आहे. तितकेच संशोधकही त्यांनी जिरवलेत, हे मला बिलांवरून माहीत आहे. सर एका पारावर प्रश्नावली घेऊन बसले. दोन प्रश्न झाल्यावर गडबडीत ते पाचव्यावर गेले. समोरचे आजोबा तंबाखू मळत म्हणाले, "सर, तिसरा ऱ्हायला. कुऱ्हाडबंदीचा." त्यांनी तिसऱ्याचं आणि चौथ्याचं उत्तर सांगितलं, वर "निष्कर्ष पण सांगू का?" असंही विचारलं. सरांचा धीर सुटला. जिथं उत्तरदात्याला प्रश्नावली पाठ आहे, तिथं संशोधकानं करायचं काय?

मी एकदा म्हणालो, "सर, आपल्याच किल्ल्यात पंडित नेहरूंनी 1944 मध्ये पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढलं. अख्खा भारत! तुम्हाला एक जिल्हा आवरेना."

सर शांतपणे म्हणाले, "काका, त्यांना दर सहा महिन्यांनी प्रोग्रेस रिपोर्ट नव्हता. राहणं-खाणं सरकारकडून. आणि तास घ्यायला पाथर्डीला जावं लागत नव्हतं."

मी नेवाशाचा दाखला काढला. तिथं शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. "तिथं गाईड घरचे होते," सर म्हणाले, "सख्खे थोरले भाऊ. सही घ्यायला तीन आठवडे थांबावं लागत नव्हतं." यावर मला उत्तर सुचलं नाही. माउली सांगत होती आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, एवढं मात्र माझ्या मनात बसलंय. आमच्या धंद्याचे मूळपुरुष तेच. मी त्यांच्याच परंपरेतला, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. आमची सौ. त्या वेळी टाइप करत असते.

शेवटी सरांनी ऊसतोड कामगार घेतले. विषय पक्का होता. राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी आमच्याच जिल्ह्यात लोणीला उभा केला, 1950 च्या सुमाराला. तोडणीला जाणारी माणसं पाथर्डी-शेवगावकडची. म्हणजे साखरही जिल्ह्यातली आणि घामही. पण तोवर पीएच.डी.ची सहा वर्षांची मुदत संपून फेरनोंदणीची दोन वर्षं सुरू झाली होती. सरांनी कुठूनसा एक प्रबंध पेन ड्राइव्हवर आणला. विषय जवळपास तोच, जिल्हा मात्र सातारा.

"काका, फक्त संदर्भ म्हणून वापरायचाय."

सौ.ने फाइल उघडली. सर तिच्या खुर्चीमागं उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "शोधा: सातारा. बदला: अहमदनगर. सगळीकडे."

संगणकानं क्षणात शेकडो बदल केले. दहा वर्षांत सरांच्या संशोधनाला एवढा वेग कधी आला नव्हता. सौ. पुढं वाचत गेली. अहमदनगर जिल्ह्यातून कृष्णा आणि कोयना वाहू लागल्या. जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस महाबळेश्वरला पडू लागला. 'अहमदनगरचे कंदी पेढे सुप्रसिद्ध आहेत' असंही एक वाक्य दुसऱ्या प्रकरणात येऊन बसलं.

सौ. म्हणाली, "सर, आपल्याकडं सीना हाय. ती पण पावसाळ्यात."

"नद्या बदलू," सर म्हणाले. त्यांनी प्रवरा, मुळा आणि सीना आणल्या, महाबळेश्वर काढलं. पेढे त्यांच्या नजरेतून सुटले.

साम्य तपासणाऱ्या यंत्राचीही सरांना भीती नव्हती. 2018 च्या नियमानं दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. जुना प्रबंध श्रीलिपीतला होता. युनिकोड नसलेल्या असल्या जुन्या फॉन्टात लिहिलेली मराठी यंत्राला इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसते. यंत्रानं साम्य शून्य दाखवलं. त्याच्या लेखी तो मजकूर कुणाचाच नव्हता. बघायला गेलं तर खरंच होतं.

मग प्राथमिक माहिती. तीनशे प्रश्नावल्या. एवढ्या माणसांना भेटायचं कधी? तेव्हा आमच्या काउंटरवरच सर्वेक्षण झालं. निळं पेन, काळं पेन, डावा हात, उजवा हात, टपरीवरचा पोऱ्या. या कामाचा मला मोठा अनुभव आहे. आजवर मी दूध उत्पादक झालोय, पतसंस्थेचा ठेवीदार झालोय आणि एकदा तर बचत गटातली महिला होऊन माझं सक्षमीकरणही करून घेतलंय. या वेळी ऊसतोड कामगार झालो. 'कुटुंबातील काम करणाऱ्या व्यक्तींची संख्या' या रकान्यात मी सगळीकडे एक लिहिला. कमावणारा माणूस एकच असतो, अशी माझी समजूत.

प्रबंध होत आला आणि 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. सर दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आत हजर. सौ.ला म्हणाले, "शोधा: अहमदनगर. बदला: अहिल्यानगर. सगळीकडे."

संगणक आज्ञाधारक. मलिक अहमदनं 1494 मध्ये अहिल्यानगर वसवलं. चांदबिबीनं मोगलांविरुद्ध अहिल्यानगरचा किल्ला लढवला. अहिल्याबाईंचा जन्म चौंडीचा, 1725 चा, पण सरांच्या प्रबंधात त्यांचं नाव शहराला सव्वादोनशे वर्षं आधीच लागलं. इंग्रजांनी 1884 मध्ये छापलेलं गॅझेटियरसुद्धा संदर्भसूचीत नव्या नावानं आलं. आणि दुसऱ्या प्रकरणात 'अहिल्यानगरचे कंदी पेढे' तसेच सुप्रसिद्ध राहिले. दोन नामांतरं त्यांनी पचवली.

इतिहासाची पानं सौ.ने एकेक करून पूर्ववत केली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "कशाला, पानाचे पैसे तेवढेच मिळणार." ती काही बोलली नाही.

इथवरचं सगळं मी हसत हसत सांगू शकतो. पुढं एक घोटाळा झाला. सर खरोखरच माणसांना भेटायला गेले.

झालं असं की प्रबंधात छायाचित्रं हवी होती. काउंटरवर मी ऊसतोड कामगार होऊ शकलो तरी फोटोत दिसणार नव्हतो. म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी सर कारखान्याच्या बाजूला, तोडणीवाल्यांच्या कोप्यांवर गेले. संध्याकाळ. एक बाई वाढ्याची पेंढी बांधत होती. फोटो झाल्यावर सरांनी सवयीनं प्रश्नावली काढली.

"घरातले किती जण काम करता?"

"एक कोयता."

सरांनी एक लिहिला. तेवढ्यात बाईचा नवरा मोळी टाकून आला. सर गोंधळले. "मग हे?"

बाई हसली. "आवो सर, कोयता म्हंजी दोघं. मी न् हे."

"आणि तुम्ही एकट्या असाल तर?"

"मंग अर्धा."

सर त्या रात्री घरी गेलेच नाहीत, थेट आमच्याकडे आले. मी शटर ओढत होतो. त्यांच्या हातात शाईनं लिहिलेलं एक पान होतं. पाठकोरं, घामानं ओलं. दहा वर्षांत त्यांच्या हस्ताक्षरातलं पान मी पहिल्यांदा पाहिलं. त्यात लिहिलं होतं की नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते. ती घेणारा हात नवऱ्याचा, फेडणारे हात चार. बाई पहाटे भाकरी थापून फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत टाकते आणि हिशेबात एकाचा अर्धा असते. म्हणून 'काम करणाऱ्या व्यक्ती किती' हा प्रश्नच चुकलाय आणि कोष्टक क्रमांक 11 पासूनची सगळी कोष्टकं खोटी आहेत.

मी म्हणालो, "सर, हे भारी आहे. निष्कर्षात घाला."

सर खुर्चीत बसले. "काका, निष्कर्ष मागच्या मार्चमध्येच मंजूर झालेत."

"मग?"

"परिशिष्टात टाका. शेवटचं. परिशिष्ट कुणी वाचत नाही."

सौ. त्या रात्री थांबली आणि ते पान टाइप केलं. एरवी ती टाइप करताना वाचत नाही, बोटं आपोआप चालतात. त्या दिवशी मध्येच थांबली. वळून माझ्याकडे बघितलं, मग दुकानाच्या पाटीकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"म्हणजे आपलं दुकानपण एक कोयताच की," ती म्हणाली.

मी स्टेपलर शोधायला लागलो.

त्या पानावर तिनं शेवटचं शोधून बघितलं, आधी सातारा, मग अहमदनगर. संगणकानं सांगितलं, काही सापडलं नाही. तीनशे बारा पानांत तेवढं एकच पान असं निघालं की ज्यात काहीच बदलायचं नव्हतं.

प्रबंध गेला, तोंडी परीक्षा झाली, सर डॉक्टर झाले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं परिशिष्टच उघडलं, असं म्हणतात. सरांना विचारलं तर ते कानाची पाळी ओढतात आणि विषय बदलतात. त्यात त्यांचा हातखंडा आहे. अजून तासिका तत्त्वावरच आहेत, फक्त हजेरीपटावर नावाआधी 'डॉ.' लागलंय. परवा पेढे घेऊन आले.

"कंदी का?" मी विचारलं.

"तुम्ही वाचलं होतं?" सर दचकले.

"मी नाही. हिनं. छपाईच्या आधी काढलं पण तिनंच."

सरांनी पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढून उचलला आणि आत की-बोर्डशेजारी नेऊन ठेवला.

ते गेल्यावर मी आमच्याकडची प्रत काढली. प्रत्येक प्रबंधात मी एकच पान वाचतो, ऋणनिर्देशाचं. माझं नाव असतं तिथं. मजकूर ठरलेला आहे, गेली दहा वर्षं आमच्याच संगणकातून प्रत्येक प्रबंधात तो जसाच्या तसा जातो: 'प्रबंधाचे सुबक टंकलेखन काकांनी वेळेत करून दिले.' आणि या प्रबंधात तिथं काकूंनी असं होतं.

संगणक उघडून बघितला. मूळ मजकूरही बदललेला. म्हणजे यापुढच्या सगळ्या प्रबंधांत तेच जाणार.

"हे कधी केलंस?"

"त्याच रात्री," ती पेढा खात म्हणाली. "शोधा: काकांनी. बदला: काकूंनी. एकच बदल झाला."

मी बाइंडिंग बघतो. मजकुरात मी हात घालत नाही.