पारखीकाका आणि यंदाचा नवा माल

खेळण्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सगळं असतं, फक्त लहान मूल नसतं. जर्मनीत न्यूरेंबर्गला १९५० पासून खेळण्यांचा प्रचंड बाजार भरतो, तिथं व्यापाऱ्यांखेरीज कुणाला आत घेत नाहीत. आपल्याकडे दिल्लीला प्रगती मैदानावर अलीकडे जुलैत ‘टॉय बिझ’ भरतं, तिथंही गळ्यात बिल्ले अडकवलेली मोठी माणसंच. मग त्या दालनांमधल्या झुकझुक गाड्या कोण सोडतं, साबणाचे फुगे कोण उडवतं, लाकडी किल्ले रचून कोण पाडतं? तर चाळिशीचा चष्मा लावलेले, जीएसटी भरणारे, गुडघ्यांना तेल चोळणारे पुरुष. तेही चेहरा गंभीर ठेवून. खेळण्याशी खेळताना हसलं की भाव वाढतो, असा या धंद्यात समज आहे.

त्या गर्दीत महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या गावाहून आलेले पारखीकाका लगेच ओळखू येतात. पारखी हे त्यांचं आडनाव नव्हे, तो हुद्दा आहे आणि त्यांनी तो स्वतःला स्वतःच दिलेला आहे. मुख्य पेठेत वडिलांपासूनचं दुकान, दारात टांगलेल्या बॅटी आणि चेंडूंच्या जाळ्या, वर माळा, गल्ल्यावर काका. प्रदर्शनाला येताना ते बरोबर धाकट्या चिरंजीवांना आणतात, कारण तिथं फुकट मिळणाऱ्या माहितीपत्रकांच्या पिशव्या कुणीतरी उचलाव्या लागतात.

काकांची पारखण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. नवं खेळणं हातात दिलं की बाकीचे लोक ते चालू करतात. काका ते उलटं करतात. आधी आयएसआयचा शिक्का. १ जानेवारी २०२१ पासून त्याशिवाय खेळणं विकता येत नाही आणि दंड दुकानदाराला होतो, कारखानदार दिल्लीत मजेत असतो. मग सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का, सेल किती लागतात, ते डब्यात येतात की गिऱ्हाइकानं वेगळे घ्यायचे. (वेगळे घ्यायचे असतील तर काकांचा चेहरा खुलतो. सेल त्यांच्याकडेच मिळतात.) मग त्यांचा तो सुप्रसिद्ध प्रश्न येतो: “भैया, ये चालू होता है वो दिखता है. बंद किधरसे होता है?”

बंद करायचं बटण नसलेलं खेळणं काका घेत नाहीत. त्यामागे अनुभव आहे. तसं खेळणं आठवड्याच्या आत दुकानात परत येतं, आणि आणणाऱ्या बापाच्या डोळ्यांखाली काळं असतं.

सगळ्यांत शेवटी डबा. “माल तोच ठेवा, पण डबा थोडा मोठा करा,” अशी विनंती ते प्रत्येक स्टॉलवर करतात. वाढदिवसाला जाणाऱ्याला मोठा डबा लागतो. आत काय आहे ते दुसऱ्या दिवशी कळतं, तोवर जेवण झालेलं असतं.

पोरांना काय आवडेल, हा प्रश्न या सगळ्यात कुठेच येत नाही, आणि काका त्याचं समर्थन ठासून करतात. मूल फक्त बोट दाखवतं. पाकीट आजोबांच्या खिशात असतं आणि परवानगी आईच्या तोंडात. आजोबांना खेळणं मजबूत हवं, आईला ते शैक्षणिक हवं. म्हणून चुंबकाचे रंगीत चौकोन एकमेकांना चिकटवायचा जो डबा गेली काही वर्षं सगळीकडे दिसतो, त्याच्यापुढे काका पहिल्या वर्षी तुच्छतेनं उभे राहिले होते. “फरशीचे तुकडे दिसतात नुसते.” मग चिरंजीवांनी डब्यावरची ओळ वाचून दाखवली: बुद्धीचा विकास, एकाग्रता, गणित. काकांनी जागेवर सहा पेट्या लिहून दिल्या. तो माल आजही फिरतो. त्या चौकोनांनी किती पोरांचं गणित सुधारलं हे सांगता येणार नाही, पण काकांचं मात्र सुधारलं.

मात्र असा नेम क्वचितच लागतो. एरवी काका ‘हे पडणार’ म्हणाले की शेजारचा बार्शीचा दुकानदार निमूट दोन पेट्या वाढवतो. २०१७ साली बोटांत धरून फिरवायची ती भिंगरी आली, तेव्हा काकांनी “याला भोवरा तरी म्हणा” असं म्हणून ती नाकारली. महिन्याभरात ती शाळेच्या दारातल्या चिंचा-बोरंवाल्याकडेही दिसू लागली. काकांनी घाईनं पाच पेट्या मागवल्या. पेट्या पोचल्या आणि पोरांना भिंगरीचा कंटाळा आला, या दोन घटना एकाच आठवड्यातल्या. २०२१ साली ते रबरी बुडबुडे दाबायचं पॉप-इट आलं, तेव्हाही हाच प्रयोग, त्याच पात्रांसह.

काकांना स्वतःच्या चुकांपेक्षा सरकारी दरांचा इतिहास अधिक पाठ आहे. आयात कर २०२० साली वीस टक्क्यांवरून साठ केला, २०२३ साली सत्तर. पूर्वी मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर चिनी माल कसा किलोवर उचलावा तसा उचलत असू, हे ते चहाबरोबर सांगतात. आता तीच गाडी, तोच लाल दिवा, वर ‘मेड इन इंडिया’. काका चाकाखाली बोट घालून बघतात आणि “हं” म्हणतात. या ‘हं’चा अर्थ त्यांनी कधी उलगडून सांगितलेला नाही.

चिरंजीव वाचणारे आहेत. परतीच्या वाटेवर त्यांनी एकदा वडिलांना रुबिकची गोष्ट सांगितली. हंगेरीतल्या एर्नो रुबिकचा तो रंगीत ठोकळा १९७९ साली न्यूरेंबर्गच्या बाजारात टॉम क्रेमर या माणसाच्या नजरेला पडला, त्यानं तो एका अमेरिकन कंपनीच्या गळी उतरवला आणि पुढच्या वर्षी ठोकळा जगभर गेला. काका शांतपणे म्हणाले, “आपण नसता घेतला. आवाज नाही, लाइट नाही. आणि सुटला नाही की गिऱ्हाईक फॉल्टी पीस म्हणून परत आणणार.” प्लेमोबिलची हकिकत मात्र त्यांना मनापासून आवडली. १९७३ साली तेल भडकलं, प्लास्टिक महागलं, म्हणून त्या कंपनीनं साडेसात सेंटिमीटरची इटुकली माणसं काढली आणि १९७४ साली न्यूरेंबर्गला मांडली. “याला म्हणतात धंदा,” काका म्हणाले. “माल छोटा केला. डबा किती मोठा होता?”

आता ज्यासाठी हे सगळं सांगायला घेतलं ती गोष्ट. एवढा हिशेबी माणूस दरवर्षी प्रदर्शनात एका तरी खेळण्याच्या प्रेमात पडतो. ते कधीच विकण्याजोगं नसतं. एका साली पत्र्याची चावीची बोट, एका साली चन्नपट्टणची लाखेची घसरगुंडी, जिच्यावरून लाकडी माणूस टकटक करत उतरतो. सावंतवाडीची लाकडी फळं बघितली की काका चितारआळीपासून सुरुवात करतात आणि कारागिराचा हात हातात घेऊन बोलत राहतात. त्या वेळी ते डबा विचारत नाहीत, बटण विचारत नाहीत, घासाघीस तर नाहीच. एक पेटी घेतात. “दुकानाला शोभा,” असं चिरंजीवांना सांगतात. पेटी दिवाळीपर्यंत काचेत राहते, मग माळ्यावर जाते. त्या माळ्यावर आता उभं राहायला जागा नाही. सेलमध्ये काढू या, असं चिरंजीव म्हणाले की काका चष्मा पुसतात. कधी एखादं पोर वर बोट दाखवतं, तेव्हा ते “तो विकायचा नाही, नमुना आहे,” असं म्हणून पोराला राइटिंग पॅड दाखवतात.

तो बोलका निवडुंग आला त्या सालची हकिकत पेठेत अजून सांगतात. टोपी घातलेलं कापडी झाड, गाणं लावलं की नाचायचं आणि समोरचा बोलेल ते चिरक्या आवाजात परत बोलून दाखवायचं. काकांनी बघताक्षणी निकाल दिला. “निवडुंग अंगणात उगवला तर आपण उपटतो. पैसे देऊन कोण नेणार?” पण शेवटच्या दुपारी स्टॉलवाल्यांना मांडलेला माल परत न्यायचा कंटाळा येतो, आणि काका त्या घटकेची चार दिवस वाट बघत असतात. अर्ध्या भावात एक निवडुंग पिशवीत पडला. नमुनाच तो, म्हणून उलटा करून बघायचं राहून गेलं.

निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेस. मध्यरात्री, भोपाळच्या आसपास, वरच्या बर्थवर काका घोरू लागले आणि उशाशी पिशवीतला निवडुंग जागा झाला. काका एकदा घोरत, तो एकदा घोरे, शिवाय दिवे लावून नाचे. अर्धा डबा उठून बसला. खालच्या बर्थवरचं चार-पाच वर्षांचं पोरगं तर हसून हसून लोळायला लागलं. बेळगावला निघालेल्या त्याच्या आईनं वर बघत विचारलं, “केवढ्याला हो काका, हे?”

काका पुरते जागे व्हायच्या आधी त्यांच्यातला दुकानदार जागा झाला. “सहाशे.”

“सहाशे,” निवडुंग म्हणाला.

“पाचशेला द्या.”

“पाचशेला द्या,” निवडुंग नाचत म्हणाला. डब्यातले सगळे त्याच्या बाजूचे झाले. काकांनी उलटासुलटा करून बटण शोधलं, ते सापडेपर्यंत निवडुंगानं आणखी चारदा बाईंची रदबदली केली होती. शेवटी पाचशेला सौदा तुटला.

डब्याचे पन्नास काकांनी वेगळे घेतले.